ओंकारचं पिस्तूल

कोर्टानं ओंकारचं पिस्तूल ताब्यातून सोडलं आणि त्याची बायको विजयश्री ते घेऊन कुरुळीच्या घरी आली, त्या दुपारी घरात कुणाच्याच घशाखाली घास उतरला नाही. तिनं पिशवी टीपॉयवर ठेवली. सासरे, गेनबा, उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. धाकटा दीर रोहिदास मात्र पिशवीकडं बघत उभा राहिला, साप मेलाय की नुसता निपचित पडलाय हे बघावं तसा.

"वहिनी, हे घरात कशाला आणलं? तिथनंच दुकानदाराला देऊन टाकायचं हुतं."

"लायसन माझ्या नावावर झालंय, भाऊजी. मग हत्यारही माझंच."

"तुमचंच की. पण ह्यानं ऐन टायमाला दगा दिला, हे अख्ख्या चाकणला म्हाईत हाय."

खरंच सगळ्यांना माहीत होतं. एका कंपनीच्या भंगाराचा ठेका ओंकारकडं होता आणि तो दुसऱ्या एका टोळीला हवा होता. वर्षभर धमक्या आल्या. म्हणून ओंकारनं परवाना काढला आणि बत्तीस बोअरचं छोटं पिस्तूल घेतलं, शर्टाखाली कुणाला दिसणार नाही असं. दोन वर्षांपूर्वी एके दिवशी भर दुपारी कंपनीच्या गेटसमोर तो चहा पीत उभा असताना मोटारसायकलवरून दोघं आले. ओंकारनं पिस्तूल काढलं, रोखलं, पण ते चाललं नाही. त्यांनी त्याला कोयत्यानं तोडलं. दोघंही पकडले गेले. त्यातला एक बाळू. गावातलाच, कितीतरी वर्षं ओंकारच्या पिकअपवर ड्रायव्हर असलेला आणि मग भांडून त्या टोळीत गेलेला.

पिस्तूल अडकलं, ही बातमी तेव्हापासून भोसरीपासून चाकणपर्यंत फिरत होती. लग्नात, वजनकाट्यावर, जिथं कमरेला हत्यार लावणारी चार माणसं जमत तिथं ओंकारचं नाव निघे. बारकं पिस्तूल नको रे भावा, कुरुळीच्या ओंकारचं काय झालं बघितलंस ना. कित्येकांनी आपली पिस्तुलं विकली. रोहिदासनंही जाडजूड रिव्हॉल्व्हर घेतलं. ते त्याच्या सदऱ्याखाली स्पष्ट दिसायचं, पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

नवऱ्याच्या माघारी ठेका विजयश्रीनं चालवला. रोहिदासच्या बसगाड्या हिंजवडीच्या कंपन्यांना लागलेल्या, त्याला सवड नव्हती, आणि घरात बसून रडणं तिला जमत नव्हतं. मग एकदा वजनकाट्यावर एक अनोळखी माणूस आला, हात जोडून अदबीनं म्हणाला, "ताई, तुमच्या लेकीला, मिनलला, शाळेत कोण सोडतं?" दुसऱ्याच दिवशी तिनं परवान्यासाठी अर्ज केला होता.

"माझं ऐका," रोहिदास म्हणाला. "रिव्हॉल्व्हर घ्या. त्याला मागंफुडं सरकनारी स्लाइड न्हाई, मॅगझिन न्हाई, अडकायला काय न्हाईच. एक गोळी न्हाई फुटली तर परत चाप वढायचा, पुढची हजर. मी दुकानदाराशी बोलतो."

"घेऊ की. पण आधी ह्यात काय बिघडलं होतं ते बघते. पोलिसांच्या लॅबनं तर चालू स्थितीत आहे म्हणून लिहून दिलंय."

"लॅबवाल्यांनी टेबलावर ठिवून चालवलं आसंल!" रोहिदासचा आवाज एकदम चढला. "आन बिघाड बघून करायचंय काय? गेलेला मानूस माघारी येतोय का?"

तो इतका का चिडला ते तिला कळेना. भावाच्या आठवणीनं कासावीस झाला असेल, असं समजून तिनं विषय सोडला.

रायफल क्लबात शिकवणारे समाधान सुभेदार लातूरकडचे. सैन्यातून निवृत्त होऊन इकडं मुलाकडं राहायला आलेले. बोलणं सावकाश, हात त्याहून सावकाश. त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, उघडलं, एकेक भाग पांढऱ्या फडक्यावर मांडला आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ नुसतं बघत राहिले.

"ताई, बारकं हत्यार लपवायला सोपं, म्हणून लोक घेतात," ते म्हणाले. "पण जितकं बारकं तितकं नाजूक बघा. अंगाला लागून राहतंय, घाम पितंय. कपड्याचा भुसा आत जातो. मूठ एवढीशी, धरायला दोन बोटंबी मावत नाहीत, आणि मनगट ढिलं पडलं की रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता मधीच अडकते. बरं, एकदा चाललं म्हणजे भरवशाचं, असंबी नाही. स्वच्छ असताना चालायला पाहिजे, मळल्यावर चालायला पाहिजे, घाबरलेल्या हातात चालायला पाहिजे. तवा म्हणायचं, हे माझ्या कामाचं आहे."

"मग तसंच बघू या," विजयश्री म्हणाली.

पहिले काही दिवस त्यांनी तिला फक्त धरायला शिकवलं. नंतर गोळ्या दिल्या. पहिल्या आवाजाला तिचे डोळे मिटले, दुसऱ्यालाही मिटले. मग मिटेनासे झाले. तिच्या हाताला कंप नव्हता. सुभेदारांनी ते दोनदा बोलून दाखवलं. समोरच्या कागदावरच्या काळ्या वर्तुळाच्या जागी तिला बाळूचं तोंड दिसतं, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. तो तिच्या हातचं जेवलेला. मिनलला शाळेत सोडून आला की ओट्याशी उभा राहून "वैनी, अजून एक भाकर" म्हणायचा. त्याच तोंडावर ती नेम धरायची, आणि गोळी सुटली की तिला बरं वाटायचं.

पिस्तूल चालत होतं. सुभेदारांनी ते तिला पंधरवडाभर कमरेला लावून उन्हातान्हात वजनकाट्यावर हिंडायला लावलं, आणि न पुसता तसंच चालवलं. चाललं. ओंकारच्या मॅगझिनमधल्या जुन्या गोळ्या घालून बघितल्या. त्याही सुटल्या. शेवटी त्यांनी तिला मुद्दाम मनगट सैल सोडायला लावलं. दोन गोळ्या गेल्या आणि तिसऱ्या खेपेला पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकली.

"हे बघा!" विजयश्री जवळजवळ आनंदानं ओरडली. "असंच झालं असणार त्यांचं!"

सुभेदारांनी पुंगळी झटक्यानं काढून टाकली.

"ताई, रिकामी पुंगळी अडकायची म्हणजे आधी एक तरी गोळी सुटावी लागते. तुमच्या मालकांची एकबी सुटली नव्हती ना?"

"नाही."

"मग हे ते नव्हे. त्यांच्या चेंबरमधी, नळीच्या बुडाशी, गोळी होती का रिकामं होतं?"

होती. पोलिसांनी ती वेगळ्या पुडीत ठेवली होती आणि पिस्तुलाबरोबर तीही परत दिली होती. विजयश्रीनं पर्समधून पुडी काढली. सुभेदारांनी चष्मा खाली ओढला, गोळीचं बूड उजेडाकडं धरलं, अंगठ्यानं चाचपलं.

"चाप ओढला आणि गोळीनं दगा दिला, तर हितं पिनचा खड्डा पडतो. खड्डा तर नाहीच, साधा ओरखडाबी नाही." त्यांनी पिस्तूल उचललं. "सेफ्टीचा खटका?"

"काढलेली होती, असं पंचनाम्यात आहे."

त्यांनी ती गोळी भरली आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. विजयश्रीनं चाप ओढला. गोळी नीट सुटली, कागदाला भोक पडलं, पुंगळी उडून लांब जाऊन पडली.

सुभेदार फडक्यानं हात पुसत राहिले, पुसून झाल्यावरही पुसत राहिले. "हत्याराला दोष नाही, ताई," एवढंच म्हणाले.

ती तिथून तडक कंपनीच्या गेटवर गेली. ओंकार जिथं पडला ती चहाची टपरी सोजराबाई नावाच्या म्हातारीची. दोन वर्षांत विजयश्रीनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. गाडी त्या गेटसमोरून जायची तेव्हा ती मान फिरवायची. शिफ्ट सुटायला अजून वेळ होता, गिऱ्हाईक नव्हतं. तिला बघून सोजराबाई उठून उभी राहिली आणि पदरानं बाकडं पुसायला लागली.

"मावशी, त्या दिवशी तुम्ही इथंच होता ना?"

"व्हय गं माय. हितंच हुते."

"त्यांनी पिस्तूल काढल्यावर काय झालं ते मला सांगा. अडकलं म्हणू नका. ते अडकलं नव्हतं, मी बघून आलेय."

म्हातारीनं दोन्ही बाजूंना बघितलं. मग बसली.

"त्येंनी काढलं. फुडं आलेल्या पोराच्या छातीवर धरलं. त्या पोरानं तोंडाला रुमाल बांदलेला, त्यो घसारला. तसं तुजं मालक म्हनलं, आरं बाळू, तू? त्यो पोरगा जागच्या जागी थिजला बघ. हातातला कोयता तसाच वर. मालक म्हनलं, टाक त्ये. जा घरी, तुजी आई वाट बगत आसंल. आन आसं..." तिनं आपला रिकामा हात हळूच खाली केला. "आसं खाली घेतलं त्येंनी. मंग त्यो दुसरा पाठीमागनं आला."

"आणि बाळू?"

"त्यो हुबाच हुता. रडत हुता. समदं झाल्यावं दुसऱ्यानं त्येला वडून गाडीवं घातलं."

विजयश्रीनं विचारलं, "हे तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. त्याच सांजंला सांगितलं. तुज्या दिराला." सोजराबाईनं डोळे पुसले. "त्ये म्हनलं, मावशे, ह्ये परत तोंडातनं काडू नगंस. पिस्तूल आडाकलं म्हनून सांग. मला पोटासाटी हितंच बसायचं हाय, माय. मी तसंच सांगितलं."

घरी रोहिदास गाडी धूत होता. तिनं नळ बंद केला. तिच्या तोंडाकडं बघूनच तो समजला आणि पाइप तसाच हातात धरून उभा राहिला.

"का केलंत असं?"

"मंग काय सांगू लोकांला?" तो हळू आवाजात म्हणाला, पण प्रत्येक शब्द दातांत चावत. "भरलेलं पिस्तूल हातात, समोर कोयतेवाला, आन माझा भाऊ त्येला म्हनतोय घरी जा? वहिनी, हितली मानसं तुमाला म्हाईत न्हाईत का? हसली आसती. ओंकारला चाप वढायची हिंमत झाली न्हाई म्हनून चौकाचौकात हसली आसती. आबांना तोंड दाखवायला जागा राह्यली नसती. पिस्तूल आडाकलं म्हनलं की कोन हसतंय? समदे हळहळतात."

"ते घाबरले नव्हते."

"मला कळतंय त्ये. त्येंला कळनार हाय का?"

पायरीवरून आवाज आला. गेनबा उठून दाराशी आले होते, सगळं ऐकून. विजयश्रीला वाटलं, म्हातारा आता खाली बसेल, ऊर बडवेल. पण ते चौकटीला धरून नुसते उभे राहिले.

"बाळूच हुता का फुडं?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा."

"लहान आसताना ओढ्यात बुडत हुता त्यो. ओंक्यानंच काडला हुता." गेनबांची नजर जमिनीवर होती. "आपल्या हातानं काडलेलं मानूस... कसं वढंल त्यो चाप." मग त्यांनी वर बघितलं. "पोरी, एक ऐकशील का माजं? आडाकलं हुतं म्हनूनच सांगत जा. मी चार दिसांचा सोबती. मला ह्या गावात मान खाली घालून मराया लावू नगंस."

विजयश्रीला त्यांचा राग आला नाही. रोहिदासचाही आला नाही, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. राग आला तो ओंकारचा. बाळूची आई वाट बघत होती, तशी घरात मिनलही वाट बघत होती. ते त्याला त्या क्षणी कसं आठवलं नाही? हा प्रश्न विचारायला ज्याच्याकडं जावं तो माणूसच नव्हता. ती आत गेली, दार लावलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडली.

तिनं सासऱ्यांचं ऐकलं. कुणी विचारलं तर "हो, अडकलं होतं" म्हणायची. पण पिस्तूल विकलं नाही. आता तिला त्याची खातरी होती, स्वतःच्या हाताचीही होती. ती ते रोज पर्समध्ये घालून वजनकाट्यावर जात राहिली. रोहिदासनं रिव्हॉल्व्हरचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिवाळीनंतर बाळूला जामीन मिळाला.

तो तिला आठवडाभरानं भेटला. मिनलला शाळेत सोडून ती गाडीत बसली होती, रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागलेली. कुणीतरी काचेवर टकटक केलं. वाळून काटकी झालेला, डोकं भादरलेला एक माणूस. ओळखायला तिला क्षणभर लागला. त्यानं दोन्ही हात जोडले होते.

"वैनी," काचेपलीकडून त्याचा आवाज बारीक येत होता. "येकदा ऐका. ओंकारदादानं मला..."

तिचा हात पर्समध्ये गेला होता. केव्हा गेला ते तिला कळलं नाही. सेफ्टी उतरलेली, बोट चापावर, पर्सच्या कापडाआडून नळी नेमकी त्याच्या पोटाकडं. हाताला कंप नव्हता. श्वासही तिच्या काबूत होता. सुभेदारांनी शिकवलेलं सगळं अंगात जागच्या जागी होतं. काचेपलीकडं तो काहीतरी बोलत होता, रडत होता, आणि ती त्याच्या शर्टाचं दुसरं बटण बघत होती.

मागच्या बसनं हॉर्न वाजवला. शाळेची घंटा झाली. धावत आलेल्या दोन मुली बाळूच्या अगदी जवळून, हसत, गेटकडं पळाल्या. विजयश्रीनं बोट काढलं. मग तिचा हात असा थरथरू लागला की तिला गाडी चालू करता येईना. बाळू हात जोडून मागं सरकला आणि बसगाड्यांच्या रांगेत दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं पिस्तूल शहरातल्या हत्यारांच्या दुकानात नेऊन जमा केलं. दुकानदारानं विचारलं, "विकायला ठेवू का? पण मॅडम, तुमचं पिस्तूल सगळ्यांना माहितेय. कोण घेणार नाही."

"पडू द्या इथंच," ती म्हणाली.

हत्याराशिवाय ठेका चालवण्याची हिंमत तिच्यात नव्हती, आणि हत्यारासकट चालवण्याची त्याहून नव्हती. नव्या वर्षी तिनं ठेका सोडला आणि तो त्याच टोळीला गेला. लोक म्हणाले, बाईमाणूस, घाबरली. तिनं ते ऐकून घेतलं. मिनलला घेऊन ती भोसरीला भाड्याच्या घरात राहायला गेली आणि एका वर्कशॉपच्या ऑफिसात नोकरीला लागली. गेनबा कधीतरी पीएमटीच्या बसनं नातीला बघायला यायचे, चहा घ्यायचे, ओंकारचा विषय काढायचे नाहीत.

उन्हाळ्यात बाळूला मारलं. कोर्टात आपल्या साथीदाराविरुद्ध तो तोंड उघडणार आहे, अशी कुणकुण टोळीला लागली होती. मोशीजवळच्या मोकळ्या रानात तो सापडला. गावात त्याच्या दारी फारसं कुणी गेलं नाही. खुनी पोराच्या घरी कोण जाणार?

विजयश्री गेली. का जातेय ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. बाळूची आई, रतनबाई, पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. तिनं विजयश्रीला बघितलं, ओळखलं, आणि आधी अंग आक्रसून घेतलं. मग पायाशी पडलेलं पोतं नीट करून तिला बसायला जागा केली.

बाहेर ऊन रणरणत होतं, लांब रस्त्यावरून कंटेनर जात होते आणि त्यांच्या धक्क्यानं पत्रे थरथरत होते.

"त्येनं तुज्या मालकाचं नाव घेतलं हुतं," रतनबाई म्हणाली. "जामिनावर आला तवा. म्हनला, आये, मला दादानं दोनदा जीव दिला. मी इचारलं, मंग तू काय दिलंस? तर गप बसला."

विजयश्रीनं मान खाली घातली. कोपऱ्यात माठ होता. विजयश्री उठली, पेलाभर पाणी भरून आणलं आणि रतनबाईच्या हातात दिलं. म्हातारीनं ते दोन्ही हातांनी धरलं, पण प्याली नाही.